विचारल्याचा दंड

हॉलंडमधल्या आमच्या ब्लोकमेर गावात एखाद्या गोष्टीवर मत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणी नवी सायकल घेतली की ती कशी चुकीची घेतली हे सांगायला गल्लीतली चार दारं उघडतात. माझ्या चुलतबहिणीला तिच्याच लग्नात, चर्चच्या पायरीवर, सासूनं सांगितलं की झगा कंबरेत घट्ट होतोय आणि पांढरा रंग तुला शोभत नाही. बहिणीनं आभार मानले. आम्ही याला सरळपणा म्हणतो. बेल्जियमची माणसं याला दुसरंच काहीतरी म्हणतात, पण त्यांना विचारतंय कोण.

या गावात एकच माणूस अपवाद निघाला आणि तो नेमका माझ्या बहिणीनं नवरा म्हणून निवडला. सीम आपेलमान. कोबीचा मोठा बागायतदार. सीमला काहीही विचारा, तो टोपी मागे सारायचा, कोबीच्या शेताकडे बघायचा आणि म्हणायचा, "मला काय विचारता?" अगदीच मनापासून आवडलं तर म्हणायचा, "वाईट नाही." आफ्रानं लग्नाला होकार दिला तेव्हा तो हे म्हणाला होता, समुद्राचा बांध नव्यानं उभा राहिला तेव्हा म्हणाला होता आणि एकदा वाटाण्याच्या सुपाला म्हणाला होता. सूप मी केलं होतं.

मी नान्ने, आफ्राचा थोरला भाऊ. कालव्यावरचा पूल उघडायची नोकरी मी जन्मभर केली. बोट आली की पूल वर, गेली की खाली, आणि मधल्या वेळात दोन्ही काठांवर खोळंबलेल्या लोकांची मतं ऐकायची. त्यामुळे माझा स्वभाव जरा तापट झालाय असं आफ्रा म्हणते. "जरा" हा शब्द ती बहीण म्हणून घालते.

गावात करमणूक म्हणाल तर कोल्फ. हिल्लेच्या कॅफेच्या मागे एक लांबट खोली आहे. गुळगुळीत जमीन, दोन टोकांना दोन लाकडी खुंट. जाड काठीनं संत्र्याएवढा चेंडू मारायचा आणि खुंटाला लावायचा. भिंतीलगत बाक आहे आणि बाकावर गावातले सगळे जाणते बसतात. आमची रीत अशी की काठी उचलण्याआधी खेळणारा बाकाकडे वळतो आणि विचारतो, "काय करू?" मग बाक बोलतं. हळू मार, जोरात मार, गुडघा वाकव, तुझ्या बापाला जमलं नाही ते तुला काय जमणार. हे सगळं ऐकून घ्यायचं आणि मग मारायचं. न विचारता मारलेला चेंडू खुंटाला लागला तरी लोक तो जमेस धरत नाहीत. आणि गोल्फ म्हणजे आमचाच कोल्फ स्कॉटलंडच्या लोकांनी बाहेर गवतात नेऊन बिघडवला, याबद्दल गावात कधी दुमत झालेलं नाही. दुमत नाही असा विषय हा एवढाच.

माझा भाचा वेसेल, म्हणजे सीम आणि आफ्राचा एकुलता एक, या बाकासमोर वाढला. "काय करू?" हे शब्द त्याच्या जिभेवर लहानपणीच बसले. तो विचारायचा, बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोलत जायचं, आणि शेवटच्या जागेवर बसलेल्या बापापाशी आलं की थांबायचं. सीम टोपी मागे सारून म्हणायचा, "मला काय विचारतोस?" पोरगं तरीही बघत राहायचं, अजून काही येतंय का म्हणून. काही यायचं नाही.

मग शेजारच्या गावात, जिथे आधी बटाटे होत होते, तिथे गोल्फचं मैदान झालं आणि आमचा वेसेल तिकडे बिघडला. आमच्या देशात त्या गवतावर पाय ठेवण्याआधी परीक्षा द्यावी लागते. मोटार चालवायला परीक्षा समजू शकतो, मोटारीखाली माणूस मरतो. चेंडूखाली मरून मरून बेडूक मरेल. पण वेसेल परीक्षा पास झाला आणि चार वर्षांत देशातल्या चांगल्या खेळाडूंत मोजला जाऊ लागला. पुढे त्यानं हाच आपला धंदा करायचा ठरवलं तेव्हा प्रश्न आला, पिशवी कोण उचलणार. या खेळात खेळाडूची काठ्यांची पिशवी उचलायला आणि त्याला सल्ला द्यायला एक माणूस लागतो. यावर कॅफेत सभा झाली. मी नुकताच निवृत्त झालो होतो, माझे गुडघे शाबूत होते आणि मी तसाही सल्ला देतच होतो. ठराव मंजूर झाला. मला कुणी विचारलं नाही, हे मात्र गावच्या रीतीला धरून नव्हतं.

आम्ही दोघं जग फिरलो. जग म्हणजे विमानतळ, हॉटेल आणि गवत. वेसेल खेळायचा छान, पण फटक्याआधी त्याला विचारल्याशिवाय राहवायचं नाही. सुरुवातीला तर तो जवळ उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचा. एकदा झाडू मारणाऱ्या माणसाकडे वळला होता, मी वेळेवर त्याच्या पायावर पाय दिला.

"अरे बाबा, नियम काय आहे?" मी म्हणालो.

"मैदानात सल्ला फक्त तुला विचारायचा, मामा."

"आणि दुसऱ्या कुणाला विचारला तर?"

"दोन फटक्यांचा दंड."

"लोक आपणहून ओरडून सांगतील ते सांगू देत. त्याला दंड नाही. पण तुझ्या तोंडातून प्रश्न बाहेर पडला की दंड बसला. समोरच्यानं उत्तर दिलं काय न दिलं काय."

"माहीत आहे."

"माहीत आहे हे मला माहीत आहे. तोंडाला माहीत आहे का ते सांग."

ऑस्ट्रियातल्या एका स्पर्धेत तो पहिला आला. कप घेऊन आम्ही गावात परतलो तेव्हा पाववाल्या रेनौनं त्याला नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "जाड झालायस." गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची पाटी लावावी अशी सूचना आली. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, मग गेल्या साली प्रदर्शनात पहिली आलेल्या क्रेलिसच्या गाईची पण लावायची का. क्रेलिस म्हणाला, का नाही? गाईनं निदान दूध दिलं. पाटी राहूनच गेली. डोक्यात हवा जाऊ नये म्हणून आमच्याकडे सगळं गाव झटतं, आणि ही सेवा फुकट असते.

घरी सीमनं कप उचलून बघितला आणि म्हणाला, "कुठे ठेवणार?"

आफ्रानं तो संडासात ठेवला. तिथे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, रोज सगळ्यांच्या नजरेखालून जातं, त्यामुळे ती जागा मानाचीच. पुढे त्या कपात कागदाचे गुंडाळे राहू लागले, मापात बसत होते म्हणून.

त्या संध्याकाळी गाडीत वेसेलनं विचारलं, "मामा, बाबा काही म्हणाले का?"

"म्हणाला ना. कुठे ठेवणार म्हणाला."

"ते नाही. खेळाबद्दल."

"तुझा बाप कोबीबद्दल बोलत नाही, खेळाबद्दल काय बोलणार?"

तो हसला, पण मला ते हसू आवडलं नाही. प्रत्येक स्पर्धेनंतर तो घरी फोन करायचा. आफ्रा दहा प्रश्न विचारायची आणि मग फोन सीमच्या हातात द्यायची. सीम म्हणायचा, "इकडे वारा आहे." वेसेल म्हणायचा, "इकडेही होता." मग दोघं थोडा वेळ फोन धरून बसायचे. मला सीमचा राग यायचा, खरंच यायचा. दगडाला सुद्धा पाऊस पडला की ओल येते.

असं काही वर्षं चाललं आणि मग वाईट साल आलं. मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना दर वर्षी कमवावा लागतो. यादीत ठरलेल्या रेषेच्या वर राहिलात तर पुढल्या वर्षी आत, रेषेखाली गेलात तर बाहेर. बाहेर गेलेले बहुतेक बाहेरच राहतात. त्या साली वेसेलचं काहीच जमेना. पोर्तुगालमध्ये शेवटच्या भोकापाशी तळं होतं, मी सहा नंबरची काठी सांगितली, त्यानं हट्टानं सात घेतली आणि चेंडू पाण्यात घातला. काठीचा नंबर जितका मोठा तितका चेंडू अलीकडे पडतो. ऑक्टोबरपर्यंत तो रेषेवर येऊन लोंबकळत होता. शेवटची स्पर्धा आपल्याच देशात होती, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत. तिथे जमलं तर जमलं.

आणि स्पर्धेचा शेवटचा रविवार नेमका आफ्राच्या वाढदिवसाला आला.

आता आमच्याकडे वाढदिवस चुकवणं म्हणजे जवळपास गुन्हा. सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचं, आल्यागेल्यानं एकेकाशी हात मिळवून "बायकोच्या वाढदिवसाचं अभिनंदन", "बहिणीच्या वाढदिवसाचं अभिनंदन" करत पूर्ण गोल फिरायचं, केकचा एक तुकडा, कॉफी, बिस्किटाचा डबा एकदा फिरणार, एकानं एकच घ्यायचं, मग झाकण बंद. हे सोडून मैदानावर कसं जायचं? दुसरीकडे, वेसेलचा निकाल लागणार आणि गाव मत द्यायला हजर नाही, हेही शक्य नव्हतं. सभेत हिल्लेनं तोड काढली: वाढदिवस मैदानावरच करू.

त्या सभेत मी सगळ्यांना बजावलं. "तुम्हाला ओरडायचं तेवढं ओरडा. पण तो तुम्हाला काही विचारणार नाही. विचारलं तर दंड आहे. राग मानू नका."

"बाकाला न विचारता मारणार?" क्रेलिसनं विचारलं.

"हो."

"मग हरणार," क्रेलिस म्हणाला. सीम त्या सभेला नव्हता. कोबीची काढणी सुरू होती.

रविवारी एक बस भरून गाव आलं. मैदानावरची कॉफी महाग म्हणून थर्मास, मैदानावरचा पाव वाईट म्हणून चीज लावलेले पाव, आणि घडीच्या खुर्च्या. शेवटच्या भोकामागच्या उतारावर त्यांनी खुर्च्यांचा गोल मांडला, मधे केक. येणाऱ्याजाणाऱ्या अनोळखी प्रेक्षकांनीही गोल फिरून अभिनंदन करायला सुरुवात केली, कारण ते आमच्याच देशातले होते. एका स्वीडनच्या खेळाडूनं बिस्किट घेतलं. त्यानं दोन घेतली, त्यावर पुढे बरंच बोललं गेलं.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. बसमधून सर्वांत शेवटी सीम उतरला. अंगात अंत्ययात्रेचा काळा कोट, डोक्यावर रोजची टोपी. कोबीची काढणी सोडून सीम कधी कुठे गेलेला मी पाहिला नव्हता. तो गोलात बसला नाही. दोरीला धरून बाजूला उभा राहिला.

"कोबी?" मी जाता जाता विचारलं.

"आहे तिथेच," तो म्हणाला.

वेसेलनं बापाला बघितलं आणि त्याचा पहिलाच फटका झुडपात गेला. पण मग पोरगं सावरलं. त्या दिवशी तो जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नाही. शेवटच्या भोकावर आलो तेव्हा हिशेब सोपा होता: चार फटक्यांत चेंडू भोकात गेला तर परवाना राहतो, पाच लागले तर जातो. पहिला फटका सरळ बसला. आता दुसरा. समोर पाणी, पाण्यापलीकडे झेंडा, झेंड्यामागे माझ्या बहिणीचा वाढदिवस.

मी पाच नंबरची काठी काढली. वारा समोरून होता. तेवढ्यात गावाला कंठ फुटला, आणि पाण्यावरून शब्दन्शब्द स्पष्ट येत होता.

"अलीकडेच टाक रे, उगाच शहाणपणा नको!"

"पलीकडे मार, तुझ्या आईचा वाढदिवस आहे!"

"गुडघा, वेसेल, गुडघा!"

"पाठ बघ कशी वाकवून उभा आहे, त्याच्या आजोबासारखी."

आमच्याबरोबर चालत आलेल्या पंचबाई उच्चभ्रू गावातल्या, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण नियमाप्रमाणे यात काही गैर नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, हे सगळे आपणहून बोलत होते. मी वेसेलच्या हातात काठी दिली. त्यानं ती घेतली, चेंडूकडे बघितलं आणि सवयीनं मान वर केली, जशी तो कॅफेच्या मागच्या खोलीत करायचा. त्याची नजर गोलावरून फिरली, एकेका चेहऱ्यावरून, आणि दोरीच्या टोकाला सीमवर येऊन थांबली. मला कळलं. मी पाय उचलला त्याच्या पायावर द्यायला, पण पिशवी माझ्या खांद्यावर होती आणि मी आता पूर्वीचा राहिलेलो नाही.

"बाबा," वेसेल म्हणाला, "काय करू? कशानं मारू?"

सगळं गाव गप्प झालं. पंचबाईंनी डोळे उघडले. वेसेलचे कान लाल झाले, म्हणजे त्याच्याही ध्यानात आलं. मी पिशवी खाली टाकली आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सीमनं टोपी मागे सारली. आता तो शेताकडे बघणार, पण तिथे शेत नव्हतं. तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सहानं मार. मामाचं ऐकू नकोस, पाच मोठी होईल. वारा पाण्यावर आल्यावर पडतो, मघापासून बघतोय. पोर्तुगालला सात घेतलीस तेव्हा घाई केलीस, हात आधी सोडलास. आज घाई करू नकोस. झेंड्याच्या डावीकडे टाक, तिथून उतार आहे."

सीमच्या तोंडून इतकी वाक्यं सलग बाहेर पडलेली आफ्रानंही ऐकली नव्हती. तिच्या हातातून केकची बशी घसरली. पोर्तुगालचं त्याला कुणी सांगितलं? मी नव्हतं सांगितलं. तो बघत होता, याचा अर्थ सगळं बघत होता, इतकी वर्षं.

वेसेलनं पाच नंबर माझ्याकडे परत दिली आणि सहा घेतली. चेंडू पाण्यावरून गेला, झेंड्याच्या डावीकडे पडला, उतारावरून वळत भोकाजवळ येऊन थांबला. लोक ओरडले. सीम ओरडला नाही. तो म्हणाला, "वाईट नाही." आणि मोठ्यानं म्हणाला, मलाही ऐकू गेलं. मग बसची वेळ झाली म्हणून तो बसकडे निघून गेला, कारण सहा वाजता जेवण असतं.

वेसेलनं उरलेला एक फटका मारला. चेंडू भोकात. तीन. पंचबाई पुढे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आपेलमान, मला फार वाईट वाटतंय." तीन आणि दंडाचे दोन, पाच. परवाना गेला.

परत येताना गाडीत मी बराच वेळ शिव्या घालत होतो, आधी सीमला, मग वेसेलला, मग स्कॉटलंडला. वेसेल खिडकीतून बाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "शब्द तोंडाबाहेर पडला तेव्हाच कळलं, मामा. पण तोवर त्यांनी टोपी मागे सारली होती."

"मग?"

"मग मला वाटलं, आता उत्तर ऐकूनच घ्यावं."

यावर मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण मला पुढचं दिसेनासं झालं होतं. त्यानं मला रुमाल दिला. हरला होता तो, आणि रुमाल मला.

आता खरी अडचण पुढे होती. सीमला दंडाची कल्पना नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं. त्याला कळलं की आपल्या मुलानं आपल्याला विचारलं म्हणून त्याचा धंदा बुडाला, तर तो माणूस पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाही. कॅफेत सभा झाली. याच कॅफेत दाराचा रंग ठरायला तीन हिवाळे लागले होते. या खेपेला माझी कॉफी गार व्हायच्या आत ठरलं: सीमला कुणीही सांगायचं नाही.

ब्लोकमेरच्या माणसानं मनातली गोष्ट मनात ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. रेनौ पाव देताना ओठ आत घेऊन उभी राहायची. क्रेलिस सीम दिसला की रस्ता ओलांडायचा आणि गाईशी बोलायचा. टीव्हीवर त्या फटक्याची टवाळी चालली होती, हॉलंडचा माणूस सभा घेतल्याशिवाय चेंडूसुद्धा मारत नाही म्हणून. तेव्हा आफ्रानं टीव्हीची वायर काढून तो नादुरुस्त झाल्याचं जाहीर केलं आणि पेपरातल्या खेळाच्या बातम्यांत बटाट्याची सालं गुंडाळली. सीमला एवढंच सांगितलं, की दुसरे जास्त चांगले खेळले. सीम "हं" म्हणाला.

वेसेल त्यानंतर बाहेरच राहिला. परत आत जायच्या पात्रता फेरीत तो दोनदा गेला, दोनदा थोडक्यात हुकला. आता तो त्याच शेजारच्या मैदानावर दातांच्या डॉक्टरांना आणि त्यांच्या बायकांना गोल्फ शिकवतो. चांगलं शिकवतो. पण मी त्याच्या डोळ्यांत बघतो तेव्हा मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

आणि सीम? सीमनं एकदा उत्तर दिलं आणि त्याचा बांधच फुटला. तो रोज दुपारी सायकलवरून मैदानावर जाऊन उभा राहू लागला. "काय करू, बाबा?" वेसेल विचारायचा आणि सीम सांगायचा. डॉक्टरांनाही सांगायचा. हळूहळू गावातही सांगू लागला. हिल्लेला म्हणाला, सूप पाणचट झालंय. पाद्र्याला म्हणाला, प्रवचन लांबतंय. चाळीस वर्षांची मतं साठलेली होती. आणि गाव त्याला उलट काही बोलू शकत नव्हतं, कारण बोलायला लागलं तर ते एकच वाक्य बाहेर पडेल अशी प्रत्येकाला धास्ती. सगळं गाव मुकं आणि सीम बोलतोय, असे दिवस मी पाहिले.

आफ्राचा पुढचा वाढदिवस घरात झाला. खुर्च्यांचा गोल, अभिनंदनं, केक. बिस्किटाचा डबा एकदा फिरला, झाकण बंद झालं. वेसेल माझ्या समोर बसला होता. सीमनं कॉफीचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळला.

"नान्ने, त्या दिवशी तू पाच नंबर काढलीस ना, ती चूकच होती. मी वर्षभर विचार केला. पाचनं चेंडू थेट आफ्राच्या केकमध्ये गेला असता."

मी खूप सोसलं होतं. पण माझी काठी चुकीची होती हे सगळ्या गोलासमोर, तेही सीमनं सांगावं? माझं डोकं फिरलं.

"माझी पाच केकमध्ये गेली असती," मी म्हणालो, "पण तुझ्या सहानं पोराचा परवाना घालवला, सीम. कळलं? विचारल्याचा दंड असतो. दोन फटके. तुला सगळं गाव वर्षभर सांगत नाहीये."

चमचे थांबले. आफ्रा म्हणाली, "नान्ने, तू माझा भाऊ नाहीस." वेसेलनं बशी मांडीवरून उचलून खाली ठेवली.

सीम माझ्याकडे बघत होता, कोबीला कीड लागलीय का बघावं तसा.

"दोन फटके ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "कोबीच्या वखारीत मी छोटा टीव्ही ठेवलाय. इतकी वर्षं बघतो, नियम माहीत होणार नाही? तुम्ही सगळे गप्प का हे मात्र कळत नव्हतं. मला वाटलं, गावाला अखेर शिस्त लागली."

"माहीत होतं?" माझा आवाज चढला. "मग तेव्हा बोललास कशाला? जन्मभर गप्प बसलास, तेव्हाच नेमकं तोंड उघडायचं होतं?"

"दंड विचारण्याचा असतो, नान्ने. उत्तराचा नसतो. पोरानं विचारलं तिथेच दोन फटके गेले होते." त्यानं टोपी चाचपली, घरात ती डोक्यावर नव्हती. "एवढी किंमत मोजून त्यानं विचारलं. आणि मी काय म्हणायचं होतं? मला काय विचारतोस?"

क्रेलिसलासुद्धा मत सुचलं नाही. वेसेल खाली ठेवलेल्या बशीकडे बघत राहिला आणि मग त्यानं बापाच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला, जसा कॅफेतल्या बाकावर टाकतात.

आफ्रा उठली. तिनं बिस्किटाच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं आणि डबा दुसऱ्यांदा फिरवला.